सतरा तुटक ओढे

पाणी खात्याच्या नकाशा विभागात एक गृहस्थ पस्तीस वर्षं एकाच खुर्चीवर बसले. खुर्चीचं वेत चार वेळा नव्यानं विणलं गेलं, खात्याबरोबर खुर्चीही नव्या इमारतीत आली, डोक्यावरचा पंखा दोनदा बदलला, साहेब किती आले नि गेले याची तर मोजदादच नाही. हे आपले तिथेच. हुद्दा आरेखकाचा. म्हणजे दुसऱ्यांनी उन्हातान्हात फिरून मोजून आणलेल्या नद्या, ओढे, तळी, विहिरी हे सगळं यांनी सावलीत बसून कागदावर उतरवायचं. सगळे त्यांना अचूकराव म्हणत. आधी थट्टेनं म्हणत, मग सवयीनं, आणि शेवटी शेवटी तर पगारपत्रकावर भलतंच नाव पाहून नवीन कारकून विचारायचा, हे कोण बुवा?

नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मिळालेलं खोडरबर त्यांच्या खणात अजून कोरं करकरीत होतं. विभागात कुणी नवीन आलं की अचूकराव खण उघडून ते दाखवत. "पस्तीस वर्षं झाली. एक कोपरा झिजलेला दाखवा." समोरचा बिचारा मान डोलवायचा. दुसरं काय करणार? घरीही तोच खाक्या. एकदा छत्री दवाखान्यात राहिली. बायको म्हणाली, "अहो, विसरून आलात ना?" तर म्हणे, "विसरलो नाही, ठेवून आलो." छत्री काही परत मिळाली नाही, पण चूकही झाली नाही. त्या दिवसापासून बायकोनं हात टेकले.

या माणसाला गप्प बसवू शकेल अशी जगात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईवडील गेले तेव्हा हा नऊ वर्षांचा आणि ताई एकोणीसची. शहराच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी तिनं रोपवाटिका काढली. मातीच्या पिशव्यांत रोपं वाढवली, कलमं बांधली, विकली, आणि त्यावर भावाला आरेखनाच्या शाळेत घातलं. पहिली पट्टी, पहिला कंपास, शाईची पहिली दौत तिच्या हातची. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "वेळ कुठे मिळाला?" आता सत्तरीला आली होती, तरी दोन हातांत दोन झाऱ्या घेऊन अशी चालायची की भावाला मागून धावावं लागे.

झाऱ्या भरायच्या त्या शेजारच्या ओढ्यातून. ना नळ, ना विहीर. सगळी रोपवाटिका त्या एका ओढ्यावर.

आणि या ओढ्यावरूनच बहीणभावाचं दर रविवारी वाजायचं. त्याचं असं की नकाशाच्या कोपऱ्यात एक सूची असते. कुठल्या खुणेचा अर्थ काय, ते तिच्यात लिहिलेलं असतं. सलग निळी रेघ म्हणजे बारमाही ओढा, वर्षभर वाहणारा. तुटक निळी रेघ म्हणजे हंगामी, पावसानंतर चार महिन्यांत आटणारा. खात्याच्या नकाशात ताईचा ओढा तुटक होता, आणि तो नकाशा खुद्द अचूकरावांच्या हातचा होता.

"अरे बघ की," ताई म्हणायची, "भर उन्हाळ्यात कसा खळखळतोय."

"उशिरापर्यंत टिकतं पाणी, एवढंच. ओढा हंगामी आहे."

"तीस वर्षं उशिरापर्यंतच टिकतंय होय रे?"

"अपवाद असतात, ताई."

"बारा महिन्यांचा अपवाद?"

यावर अचूकराव चहाच्या कपात तोंड घालत. बूट भिजतील म्हणून त्यांनी ते काढून दगडावर ठेवलेले असत, पाय पाण्यात असत, आणि तरी ओढा हंगामीच असे. नकाशा आणि पाणी यांत फरक पडला तर पाण्यानं जरा समजून घ्यावं, असं त्यांचं मत होतं.

अशी तीस-एकतीस वर्षं मजेत गेली. निवृत्तीला एक महिना उरला होता, तेव्हा एका रविवारी ताईनं चहा दिला नाही. एक कागद दिला.

खात्याची नोटीस होती. डोंगराला वळसा घालून नवा रस्ता जाणार होता. हंगामी ओढे बुजवायला खात्याची हरकत नसते. बारमाही ओढ्याला मात्र हात लावता येत नाही, असा नियमच आहे. ओढा क्रमांक बारा हा नकाशात हंगामी असल्यामुळे तो बुजवून त्यावरून रस्ता नेण्यात येईल, काठावरचं अतिक्रमण, म्हणजे ताईची रोपवाटिका, हलवण्यात येईल, कुणाचं काही म्हणणं असल्यास पंधरा दिवसांनी सुनावणीला यावं. सोबत नकाशाचा तुकडा जोडलेला. तक्ता क्रमांक सत्तेचाळीस.

अचूकरावांनी नकाशा बघितला. निळी तुटक रेघ. कोपऱ्यात त्यांचीच बारीक सही. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना ती रेघ काढल्याचा दिवस आठवला.

झालं होतं असं. सत्तेचाळीस क्रमांकाच्या तक्त्यात बावीस ओढे होते, बावीसच्या बावीस बारमाही. मोजणीदारानं वहीत तसं स्वच्छ लिहून दिलं होतं. पाच ओढे सलग काढून झाले आणि निळी शाई तळाला गेली. खात्याचा नियम असा, की रिकामी बाटली जमा केल्याशिवाय नवी बाटली मिळणार नाही. अचूकराव बाटली घेऊन भांडारात गेले. तेव्हाचे भांडारपाल मोठे कर्तव्यदक्ष. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, तिरकी केली, एक थेंब सरकला. "शिल्लक आहे," म्हणाले, आणि मागणीपत्रावर लाल शेरा मारला. आठ दिवसांनी पुन्हा तेच. आणखी आठ दिवसांनी पुन्हा. इकडे साहेब डोक्यावर बसलेले, तक्ता छापायला कधी देता, कधी देता. मग या हुशार तरुणानं तोड काढली. रेघ तुटक काढली की शाई निम्मीच लागते. उरलेले सतरा ओढे त्यानं तुटक काढून ठेवले. नवी बाटली आली की मधल्या फटी भरून टाकू, त्यात काय मोठंसं!

बाटली आली तोवर साहेबांनी तक्ता परस्पर छापखान्यात धाडलेला. वर तो इतका सुबक निघाला की वरिष्ठांनी नकाशा विभागाची पाठ थोपटली. अचूकराव हे नाव त्याच आठवड्यात पडलं. आता ज्या कामाबद्दल बारसं झालं त्यातच खोट आहे, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? उद्या सांगू, परवा सांगू करता करता ती गोष्ट मनाच्या तळाशी गेली, आणि माणूस स्वतःला इतकं फसवू शकतो की पुढे ती रेघ त्यांना स्वतःलाच खरी वाटू लागली. नंतर संगणक आले. जुने नकाशे त्यात चढवले. संगणकानं फटींसकट सगळं इमानेइतबारे उतरवून घेतलं.

"ताई," अचूकराव म्हणाले, "ही रेघ चुकली आहे. माझ्या हातून."

पस्तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. वाटलं होतं, ताई हसेल. ती हसली नाही.

"म्हणजे मी वेडी नव्हते तर," ती म्हणाली. "दर रविवारी तू मला वेड्यात काढत होतास."

ताई रागावली की बोलत नाही, पाणी घालते. तिनं झारी उचलली आणि ज्या रोपांना सकाळीच पाणी दिलं होतं त्यांना परत द्यायला लागली. अचूकराव मेल्याहून मेल्यासारखे होऊन बसून राहिले. घरी जाताना तिनं हाक मारली तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. पण ती एवढंच म्हणाली, "बूट विसरलास." या वेळी त्यांनी 'ठेवले होते' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते साहेबांसमोर उभे. हे साहेब दोन वर्षांपूर्वी आलेले, वयानं अचूकरावांच्या निम्मे, टेबल काचेचं आणि त्यावर एकही कागद नाही.

"साहेब, तक्ता सत्तेचाळीसमध्ये चूक आहे. ओढा क्रमांक बारा बारमाही आहे. मी तुटक काढला."

साहेब मोकळेपणानं हसले. "अचूकराव, निवृत्ती जवळ आली की माणूस हळवा होतो. तुमची चूक? मी आलो तेव्हा तुम्ही मला ते खोडरबर दाखवलंत, आठवतंय ना?"

"साहेब, ते पेन्सिलीचं. हे शाईत झालंय."

"बसा, पाणी घ्या." साहेबांनी संगणकावर काहीतरी उघडलं, आणि त्यांचा आवाज बदलला. "नोटीस ज्या रोपवाटिकेला गेली आहे ती तुमच्या भगिनींची आहे, नाही का?"

"हो."

"मग आता मला सांगा, मी काय समजायचं?"

अचूकरावांच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. खोटेपणाचा आळ येणं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि गंमत बघा, तीस वर्षं खोटी रेघ खरी म्हणून मिरवली तेव्हा कुणाला संशय आला नाही. खरं बोलायला तोंड उघडलं आणि पहिल्याच वाक्याला चोर ठरले.

"साहेब, एकदा जागेवर चला. डोळ्यांनी बघा. भर उन्हाळा आहे, ओढा हंगामी असता तर आत्ता तिथे दगड तापलेले असते."

साहेब नियमाला पक्के. पाहणी करायचा नियम होता, म्हणून आले. येताना खात्याचा प्लंबरही आणला. कशाला आणला ते कुणाला कळेना. ओढा दुथडी नसला तरी घोट्याच्या वर वाहत होता. साहेबांनी हातातला नकाशा बघितला, ओढा बघितला, पुन्हा नकाशा बघितला.

"नकाशानुसार या महिन्यात इथे पाणी नाही," साहेब म्हणाले.

"साहेब, बूट काढा," ताई म्हणाली, "भिजतायत."

"बाई, प्रश्न बुटांचा नाही, नोंदीचा आहे. ज्या अर्थी ओढा हंगामी आहे, त्या अर्थी हे पाणी ओढ्याचं नाही. वर कुठेतरी आपलीच जलवाहिनी गळतेय." आणि त्यांनी प्लंबरला वर पिटाळलं. "गळती शोध आणि बंद करून ये."

तेव्हा कळलं, प्लंबर कशाला ते. तो पाना खांद्यावर टाकून ओढ्याकाठानं वर चढत गेला. साहेब झाडाखाली उभे राहिले. ताईनं त्यांना स्टूल दिलं, वर चहाही दिला. रागात असली तरी माणुसकी सोडणाऱ्यांतली ती नव्हती. दोन तासांनी प्लंबर घामाघूम होऊन खाली आला.

"सापडली गळती?"

"सापडली साहेब. डोंगरातून होतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे खडकाला भेग आहे, त्यातून पाणी येतंय. झरा आहे साहेब. माझ्याकडे एवढा पाना नाही."

अचूकरावांना वाटलं, सुटलो! साहेबांनी तिथेच स्टुलावर बसून पाहणीचा अहवाल लिहिला. गळतीचं ठिकाण: डोंगर. दुरुस्ती आपल्या कक्षेबाहेर, सबब प्रकरण डोंगराशी संबंधित खात्याकडे पाठवावे. ओढ्याची स्थिती: नकाशाप्रमाणे.

गाडी गेल्यावर बहीणभाऊ ओढ्याकाठी बसले. ताईचा राग आता निवळला होता, पण त्या जागी जे आलं ते अचूकरावांना रागापेक्षा जड गेलं. ती थकलेली दिसत होती.

"जाऊ दे रे," ती म्हणाली. "दुसरीकडे जागा देतील म्हणतात. टँकर येतो म्हणे तिथे, एका दिवसाआड."

"ही रोपं एका दिवसाआड पाणी पितात का?"

"ती शिकतील. नाहीतर मरतील." मग म्हणाली, "मला नाही जमायचं, खरं सांगायचं तर. पन्नास वर्षं झाली मला या आवाजाची सवय."

अचूकरावांचे डोळे भरून आले. बसमध्ये बसल्यावर त्यांच्या डोक्यात एकच विचार घोळायला लागला. साहेब पाण्यावर विश्वास ठेवत नाहीत, माणसावर ठेवत नाहीत. मग कशावर ठेवतात? कागदावर. तर मग कागद हवा.

खात्याचं भांडार इमारतीच्या तळघरात होतं. इमारत पंचवीस वर्षांपूर्वीची, पण तळघर कायमचं ओलं. कपाटांखाली विटा लावलेल्या, कोपऱ्यात पाणी उपसणारा पंप बाराही महिने घुर्र घुर्र करत असायचा. इथेही गळती शोधायला प्लंबर दर वर्षी येत आणि आढळून आली नाही असं लिहून जात. भांडार सांभाळणाऱ्या बाई रबरी चपला घालून वावरत. एक कागद फेकायच्या नाहीत, एक टाचणी सहीशिवाय द्यायच्या नाहीत. त्यांच्या नावानं आख्खं ऑफिस बोटं मोडायचं.

"एकतीस वर्षांपूर्वीची मागणीपत्रं?" बाई म्हणाल्या. "कुठल्या वस्तूची?"

"निळ्या शाईची."

बाईंनी चष्मा लावला, शिडी लावली, वरच्या फळीवरून एक नोंदवही काढली. खालच्या फळ्यांवरच्या, मोजणीदारांच्या वह्यांसकट, भिजून केव्हाच गेल्या होत्या. ही उंचावर होती म्हणून वाचली. पान पिवळं पडलेलं, पण अक्षर स्वच्छ. निळी शाई, एक बाटली, मागणी आरेखकाची. लाल शेरा: बाटलीत एक थेंब शिल्लक, सबब नामंजूर. त्याखाली दुसरी मागणी, तोच शेरा. तिसरी, तोच. मग चौथी ओळ: रिकामी बाटली जमा, नवीन दिली. आणि ती तारीख तक्ता छापखान्यात गेल्याच्या तारखेनंतर नऊ दिवसांची.

अचूकराव खाली बसले. ज्या भांडारपालाला त्यांनी आयुष्यभर शिव्या घातल्या, त्याला त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले.

"वही नेता येणार नाही," बाई म्हणाल्या. "सुनावणीला मी स्वतः घेऊन येईन. सही करा."

सुनावणी झाली. ताई स्वच्छ धुतलेली साडी नेसून, हातात काही नसलं की अवघडल्यासारखं होतं म्हणून एक रोपाची पिशवी घेऊन आली होती. अचूकरावांनी सगळं सांगितलं. शाई, फटी, छापखाना. लेखी कबुलीही दिली. साहेब कंटाळून ऐकत होते. मग भांडाराच्या बाईंनी वही पुढे सरकवली.

साहेबांनी शेरा वाचला. पुन्हा वाचला. तारखा ताडून पाहिल्या. चेहरा उजळला.

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?" ते म्हणाले. "हा पुरावा आहे!"

खळखळणाऱ्या ओढ्यानं जे झालं नाही, पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या कबुलीनं जे झालं नाही, ते बाटलीतल्या एका थेंबानं झालं. दहा मिनिटांत हुकूम लिहून झाला. ओढा क्रमांक बारा बारमाही समजण्यात यावा, मूळ नकाशात मूळ आरेखकानं दुरुस्ती करावी, रस्ता दुसरीकडून न्यावा. ताईनं रोपाची पिशवी साहेबांच्या काचेच्या टेबलावर ठेवली. टेबलावर मातीचा गोल उमटला.

दुरुस्तीला निळी शाई हवी. अचूकराव भांडारात गेले.

"रिकामी बाटली?" बाई म्हणाल्या. मग त्यांच्याकडे बघून पहिल्यांदाच हसल्या, आणि नवी बाटली काढून दिली.

मूळ तक्ता टेबलावर पसरला. शेजारी संगणकावरचा ताजा नकाशा, ताडून बघायला. अचूकरावांनी ओढा बाराच्या फटी एकेक करून भरल्या. रेघ सलग झाली तेव्हा त्यांना हायसं वाटलं, अगदी लहान मुलासारखं मोठ्यांदा हसावंसं वाटलं. लेखणी शाईनं भरलेली होतीच. ते तेराव्या ओढ्याकडे वळले.

"तिथे नको," मागून साहेब म्हणाले. ते काम बघायला आले होते. "हुकूम बाराचा आहे."

"साहेब, पण सतराही ओढे तसेच काढले आहेत. एकाच बाटलीतून."

"बाकीच्यांचं कुणाचं म्हणणं आलं नाही. आणि आता भरून उपयोग काय? ताजा नकाशा बघा की."

अचूकरावांनी ताजा नकाशा बघितला. इतकी वर्षं त्यांनी तो तसा कधी बघितलाच नव्हता. तेराव्या ओढ्यावर बसचा डेपो होता. चौदाव्यावर भाजी बाजार, त्याच्या पुढे रुग्णालयाचा वाहनतळ. एकेका तुटक रेघेवर बोट ठेवत ते गेले, आणि सतरातल्या सोळांवर काही ना काही उभं होतं. हंगामी ओढे बुजवायला खात्याची हरकत नसते. खात्यानं हरकत घेतली नव्हती. सगळं नियमानं झालं होतं, त्यांच्या सहीच्या नकाशावरून.

उरलेली बाटली त्यांनी खिशात टाकली. सरकारी वस्तू सहीशिवाय बाहेर नेण्याची ही पहिलीच वेळ.

निवृत्तीच्या दिवशी निरोप समारंभ झाला. तळमजल्यावरच्या सभागृहात पन्नास-साठ खुर्च्या, पुष्पगुच्छ, भाषणं. साहेबांनी भेट दिली ती काचेच्या चौकटीत बसवलेली: तक्ता क्रमांक सत्तेचाळीसची छापील प्रत, त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वोत्तम काम म्हणून, सतरा तुटक रेघांसकट. छापील प्रतींची दुरुस्ती अजून व्हायची होती. मग सगळे म्हणाले, अचूकराव, दोन शब्द बोला.

अचूकराव उभे राहिले आणि खिशातून कागद काढून वाचायला लागले. "ओढा क्रमांक तेरा, बारमाही, सध्या बसचा डेपो." टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, केलेल्या कामांची यादी आहे. "ओढा क्रमांक चौदा, बारमाही, सध्या भाजी बाजार." पुन्हा टाळ्या. पाचव्या-सहाव्या नावाला टाळ्या पातळ झाल्या. दहाव्याला थांबल्या. पंधरा वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

"ओढा क्रमांक नऊ," ते म्हणाले. "बारमाही. आपण सगळे आत्ता त्याच्यावर बसलो आहोत. हे सोळाही ओढे मी मारले. शाई नव्हती म्हणून सुरुवात झाली, आणि माझी चूक होत नाही म्हणून एकतीस वर्षं गप्प बसलो. एवढंच सांगायचं होतं."

सभागृह चिडीचूप झालं. तेवढ्यात खालून पंपाची घुरघुर ऐकू यायला लागली. भांडाराच्या बाईंनी हळूच आपल्या रबरी चपलांकडे बघितलं. साहेबांनी घसा साफ केला, अचूकरावांच्या विनोदबुद्धीचं कौतुक केलं, आणि शिपायाला खूण केली की जिन्याचं दार लावून घे, आवाज फार येतोय.

चौकट काखेत मारून अचूकराव घरी गेले नाहीत, थेट ताईकडे गेले. ओढ्याकाठी बसून त्यांनी चौकटीची मागची पुठ्ठ्याची बाजू काढली, नकाशा मांडीवरच्या फळीवर पसरला, खिशातली बाटली काढली आणि फटी भरायला घेतल्या. ताई झारी खाली ठेवून शेजारी येऊन बसली. बारावा ओढा तिनं बरोबर ओळखला. तो झाल्यावर तेरावा, चौदावा, असा एकेक निळा होत जाताना ती बघत राहिली.

"यांच्या काठानं कोण राहत होतं रे?" तिनं विचारलं.

"माहीत नाही, ताई. नकाशात नव्हतं."

ताई उठली, झारी ओढ्यात बुडवून भरली.

"माझी रोपवाटिका तरी कुठे होती नकाशात?" ती म्हणाली, आणि पाणी घालायला निघून गेली.